तासांची पुंजी आणि हातातले काम

प्रादेशिक विमान कंपनीतला वैमानिक मोठ्या कंपनीत जाण्यासाठी धडपडत असतो. मन पुढच्या जागेकडे लागलेले असताना तो हातातल्या कामाशी प्रामाणिक राहू शकतो का? प्रश्न वरवर नोकरीचा वाटतो, पण मुळात तो कर्म आणि फळ यांच्या नात्याचा आहे, आणि या नात्यावर आपल्याकडे गीतेपासून गाडगेबाबांपर्यंत सतत विचार होत आला आहे.

वऱ्हाडात हा प्रश्न आता नुसता पोथीतला राहिलेला नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि अलायन्स एअरचे एटीआर ७२ जातीचे विमान मुंबई-अमरावती मार्गावर सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस उडू लागले. केंद्राच्या ‘उडान’ योजनेतली ही सेवा. याच बेलोऱ्यात वर्षाला १८० वैमानिक घडवू शकेल अशी ३४ विमानांची प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे छोट्या विमानाची सेवा आणि मोठ्या कंपनीची शाळा एकाच धावपट्टीच्या आश्रयाला आली. अकोल्याची स्थिती वेगळी आहे. तिथल्या शिवणी विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. पण ती वाढवण्याचा विषय डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षे रेंगाळला आणि नियमित प्रवासी सेवा काही सुरू झाली नाही. अकोलेकराला विमान गाठायचे तर बेलोरा, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. एरवी मुंबईला जायचे म्हणजे रात्रीची रेल्वे. टाटा रुग्णालयाची तारीख मिळालेल्या कुटुंबाला रात्रभराचा प्रवास आणि दोन तासांच्या आतले उड्डाण यांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. छोट्या विमानसेवेचे मोल या फरकात आहे, आणि ती चालवणारा माणूस तिथे किती काळ राहणार, हा प्रश्नही त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

वैमानिकाची वाट तासांनी मोजली जाते. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, २०० तासांचे उड्डाण लागते. विमानाचा कॅप्टन व्हायचे तर त्याच्या वरचा एटीपीएल परवाना हवा. त्याला १५०० तास. सीपीएलपर्यंत पोचायलाच पन्नास लाखांच्या पुढे खर्च जातो, आणि शेत किंवा घर तारण ठेवून मुलाला किंवा मुलीला ‘पायलट’ करणारी कुटुंबे विदर्भातही आहेत. परवाना हातात आल्यावर विशिष्ट जातीच्या विमानाचे टाइप रेटिंग करावे लागते. २०० तासांच्या नव्या वैमानिकाला मोठ्या कंपनीचे दार लगेच उघडेलच असे नाही. मग प्रादेशिक कंपनी, टर्बोप्रॉप विमान, लहान गावे, छोट्या धावपट्ट्या, असा प्रवास सुरू होतो. ‘आधी तास भरू, मग जेट’ हे या व्यवसायातले रोजचे बोलणे आहे.

मोठ्या कंपनीत जाण्यामागे केवळ पगार नसतो. तिथे विमाने अधिक, मार्ग अधिक, पुढची बढती अधिक. शिवाय वैमानिकांच्या जगात ज्येष्ठतेची यादी फार महत्त्वाची. अनेक कंपन्यांत रुजू झाल्याच्या तारखेवरून यादीत क्रमांक लागतो आणि बेस, रोस्टर, सुट्टी, कॅप्टनपद यांवर त्याचा परिणाम होतो. आज गेलो तर पुढे, वर्षाने गेलो तर मागे, या हिशेबाने तरुण वैमानिक अस्वस्थ असतो. त्यातही एटीआरवर कॅप्टन झालेल्याचा पेच विलक्षण आहे. खांद्यावर चार पट्ट्या आलेल्या असतात. जेट उडवण्यासाठी मोठ्या कंपनीत गेला की बहुधा तो पुन्हा को-पायलट होतो आणि चौथी पट्टी उतरवतो. जे मिळवले ते सोडल्याशिवाय मोठे मिळत नाही. हे सोडणे त्यागाचे की लोभाचे, हे बाहेरून पाहणाऱ्याला सांगता येत नाही. दोन्ही वेळा उतरते ती पट्टी तीच असते.

या प्रश्नाचे सगळ्यात नेमके रूप वैमानिकाच्या लॉगबुकात दिसते. एका उड्डाणासाठी एक ओळ: तारीख, विमानाची जात, नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, कॅप्टन म्हणून की को-पायलट म्हणून, दिवसा की रात्री, किती तास किती मिनिटे. प्रवाशांसाठी त्यात रकाना नाही. मुंबईहून बेलोऱ्याला आणलेल्या माणसांचे काम त्या ओळीने पूर्ण झाले, आणि त्याच ओळीने वैमानिकाच्या पुंजीत तेवढ्या वेळेची भर पडली. बहुतेक व्यवसायांत काम आधी होते आणि फळ नंतर, दुसऱ्याच्या हातून मिळते. इथे काम आणि त्याचे फळ एकाच घटकेत घडतात आणि एकाच ओळीत लिहिले जातात. फळाकडे पाहू नको असे या माणसाला सांगणे सोपे नाही, कारण त्याला परवाना टिकवण्यासाठीसुद्धा ते रोज लिहून ठेवावे लागते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक नेहमी इथे पुढे केला जातो, आणि बहुधा चुकीच्या अर्थाने. फळाची इच्छाच धरू नये, मिळेल त्यात समाधान मानावे, असा त्याचा सोपा अर्थ लावला तर प्रादेशिक वैमानिकाची धडपड सरळ दोषात जमा होते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हा अर्थ मान्य केलेला नाही. त्यांच्या मते गीता कर्म सोडायला किंवा त्यात ढिले पडायला सांगत नाही. फळाची आसक्ती सोडून लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी नीट चालावी यासाठी, कर्म करायला सांगते. ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात आपले विहित काम हीच ईश्वराची पूजा मानली. या दोन्ही विवेचनांत भर कामाच्या प्रतीवर आहे. पूजा करणाऱ्याने पुढच्या देवळाचा विचार मनातही आणू नये असे कुठे म्हटलेले नाही. पण हातातली पूजा उरकून टाकली तर ती पूजा राहत नाही.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीताप्रवचनांत स्वधर्माचा विचार आणखी पुढे नेला. आई जशी निवडून मिळत नाही तसा स्वधर्मही आपसूक वाट्याला येतो, अशी त्यांची मांडणी. मात्र स्वधर्माचा काही भाग काळाबरोबर बदलतो, हेही त्यांनी सांगितले. वैमानिकाच्या बाबतीत हे दुसरे विधान अधिक उपयोगी आहे. विमानात बसलेल्या माणसांना सुखरूप उतरवणे हा न बदलणारा भाग. एटीआर की एअरबस, बेलोरा की दुबई, हा बदलणारा भाग.

तरीही स्वधर्माच्या भाषेवर एक मोठा आक्षेप उरतोच, आणि वऱ्हाडात तो डावलून पुढे जाता येणार नाही. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी १९२० च्या दशकात झालेला संघर्ष याच भूमीतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या पुस्तकात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि ती माणसाच्या कुवतीवर वा आवडीवर नव्हे, तर जन्मावर बेतलेली आहे. ‘आपले काम बरे, दुसऱ्याचे नको’ हा उपदेश शतकानुशतके काहींनाच केला गेला आणि त्याचा लाभ दुसऱ्यांना झाला. हे लक्षात घेतले तर छोट्या कंपनीतल्या वैमानिकाला, विशेषतः ज्याच्या घरात याआधी कोणी विमानतळाची पायरीही चढले नव्हते अशाला, ‘तुझा स्वधर्म एटीआर’ असे सांगणे म्हणजे जुन्याच अन्यायाला नवे कपडे घालणे होय. वर जाण्याची इच्छा हा दोष नाही. ज्या समाजाने ती इच्छाच अनेकांना नाकारली, त्या समाजात ती इच्छा धरणे हा माणूसपणाचा भाग आहे. हा आक्षेप पूर्णपणे मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे. समाधान आणि संतोष यांच्या नावाखाली तो झाकता येणार नाही.

मग इच्छा निर्दोष असेल तर दोष कुठे शिरतो? याचे उत्तर विमानशास्त्रातल्या एका नियमातून फार स्पष्टपणे मिळते. अमेरिकेत १९८१ पासून असा नियम आहे की विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना, म्हणजे चढताना आणि उतरताना, कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेले एक वाक्यही बोलायचे नाही. हे बंधन पुढे जगभर रुजले आणि आज ते वैमानिकाच्या पहिल्या धड्यांत शिकवले जाते.

हे बंधन न पाळण्याची किंमत एका अपघातात दिसली. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत न्यूअर्कहून बफेलोला निघालेले कोलगन एअरचे विमान उतरण्याच्या बेतात असताना कोसळले. विमानातले सर्व ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण मृत्युमुखी पडले. कोलगन ही प्रादेशिक कंपनी. मोठ्या कंपनीच्या नावाने ती छोट्या मार्गांवर सेवा देत असे. विमानाचा वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने चुकीची कृती केली, हे चौकशीत मुख्य कारण ठरले. पण उतरतेवेळी दोघा वैमानिकांत चाललेले अवांतर बोलणे हेही कारणांत नोंदले गेले. त्या बोलण्यात बर्फाळ हवामानाचा अनुभव आणि पुढे कॅप्टन होण्याचा विषय होता. को-पायलट तरुणी त्याआधीच्या रात्री सिएटलहून प्रवासी म्हणून उडत कामावर पोचली होती, आणि बेताच्या पगाराचा प्रश्नही सुनावणीत पुढे आला. ती कॅप्टन होण्याची स्वप्ने पाहत होती यात तिचा काहीच अपराध नव्हता. पण तो विषय ज्या मिनिटांत निघाला ती मिनिटे प्रवाशांची होती. आणि ती ज्या थकव्यात कामाला बसली त्यात कंपनीचा आणि व्यवस्थेचा वाटा होता. दोष वाटायचा तर या सगळ्यांत वाटावा लागतो. मेलेल्या वैमानिकांवर सगळे ढकलून मोकळे होणे न्यायाचे नाही.

दहा हजार फुटांचा हा नियम इच्छा नष्ट करायला सांगत नाही. तीस हजार फुटांवर शांतपणे चाललेल्या विमानात मुलाखतीची तयारी, दुसऱ्या कंपनीचे रोस्टर, घराचा हप्ता, काहीही बोला. फक्त एका उंचीखाली ती इच्छा आत आणायची नाही. निष्काम कर्माचा याहून काटेकोर व्यावहारिक अर्थ सापडणे कठीण. मनुष्य कायमचा निरिच्छ होईल ही अपेक्षा थोड्याच साधकांकडून करता येते. जी घटका दुसऱ्याच्या जिवाची आहे त्या घटकेत आपले फळ बाजूला ठेवण्याची अपेक्षा मात्र प्रत्येक कमावत्या माणसाकडून करता येते आणि करायला हवी. गीतेतला योद्धाही रणांगणावर कर्म करतो, एकांतात नाही, याची इथे आठवण ठेवावी.

जाण्याची इच्छा वेगळी आणि प्रत्यक्ष जाणे वेगळे. जाण्याला वचनाचा प्रश्न येऊन भिडतो. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१७ मध्ये को-पायलटसाठी सहा महिने आणि कॅप्टनसाठी एक वर्ष असा नोटीस पिरियड ठरवला. वैमानिक अचानक गेले तर उड्डाणे रद्द होतात आणि प्रवासी अडकतात, हे त्यामागचे कारण. २०२३ मध्ये अकासा एअर या नव्या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले की तिचे ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता निघून गेले आणि त्यामुळे कंपनी अडचणीत आली. अनेक उड्डाणे रद्द झाली. वैमानिक संघटना मात्र वर्षभराच्या नोटिशीला वेठबिगारीच्या जवळ नेऊन बसवतात.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण त्या समान वजनाच्या नाहीत. दिलेले वचन पाळणे हे वैमानिकाचे कर्तव्य आहेच. ठरलेल्या तारखेला शंभर किलोमीटरवरून रुग्णाला घेऊन विमानतळावर आलेल्या अकोल्याच्या माणसाला ‘वैमानिक नाही’ हे कारण ऐकावे लागू नये. मात्र हे वचन एकतर्फी असेल तर त्याची नैतिक ताकद कमी होते. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा कर्मचाऱ्यांना वर्षभराची नोटीस कोणी दिली नव्हती. नांदेडला २०१७ मध्ये उडानखाली आलेली ट्रूजेटही पुढे बंद झाली. ज्या कंपनीला रातोरात थांबता येते तिने वैमानिकाला वर्षभर बांधून ठेवावे, हा न्याय लंगडा आहे. नोटिशीचा काळ टिकवायचा असेल तर त्याच्या बदल्यात वेळेवर पगार, रोस्टरमधली विश्रांती आणि मुक्त होण्याचा निश्चित दिवस, हे कंपनीने द्यायला हवे.

आता ज्या गावातून तो उडतो त्या गावाचा विचार. तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये मांडले की माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. सोबत साध्य म्हणूनही मानावे. लहान गाव आणि त्याचे प्रवासी हे मोठ्या कंपनीकडे जाणाऱ्या वाटेवरची पायरी बनले तर ते साधन होतात, यात शंका नाही. पण प्रत्येक पायरी अपमानास्पद नसते. बेलोऱ्याला पाच वर्षे नीट उतरवणाऱ्या वैमानिकाने गावाला काही दिले आणि गावाकडून काही घेतले. असाच प्रश्न मेळघाटात वैद्यकाबाबत कितीतरी आधीपासून आहे. एमबीबीएस झालेला तरुण डॉक्टर बंधपत्राची सेवा करायला धारणी-चिखलदऱ्याला येतो, बरोबर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची पुस्तके आणतो आणि मुदत संपली की जातो. बैरागडला राहून गेलेल्या नव्हे, राहिलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली ती योग्यच. पण समाजाने असामान्य माणसांच्या त्यागावर आपली रोजची सोय उभारू नये. जाणाऱ्या डॉक्टरला विचारायचा प्रश्न ‘का गेलास’ हा नसून ‘होतास तोवर बाह्यरुग्ण विभागात पुस्तक वाचत बसलास की रोग्याकडे पाहिलेस’ हा आहे. वैमानिकाचाही तोच.

इथे गाडगेबाबांचे उदाहरण वऱ्हाडी वाचकाला सहज सुचेल. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस आयुष्यभर गावोगाव फिरला. गावात शिरायचे, हातातल्या खराट्याने रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन करायचे आणि पुढच्या गावाची वाट धरायची. कुठल्याच गावाला त्यांनी कायमचे घर केले नाही, आणि म्हणून त्यांची कुठल्याही गावावरची निष्ठा कमी ठरली नाही. निष्ठेचे माप मुक्कामाच्या लांबीत नाही, हे त्यांच्या जगण्यातून दिसते. मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. बाबा आपल्यासाठी काहीच साठवत नव्हते. आलेला पैसा धर्मशाळांत आणि लोकांच्या कामी लागत होता. वैमानिक प्रत्येक उड्डाणाला तास साठवतो आणि त्या साठ्यावरच पुढे जातो. तो गृहस्थ आहे, त्याच्यावर कर्ज आहे, आणि गृहस्थाला संन्याशाच्या कसोटीला लावणे आपल्या परंपरेनेही कधी उचित मानलेले नाही.

व्यक्तीच्या सदाचाराने सगळे सुटत नाही, हेही स्वीकारायला हवे. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या स्कायवेस्ट या प्रादेशिक कंपनीने वैमानिक पुरेसे नाहीत म्हणून २९ लहान शहरांची सेवा थांबवण्याची सूचना दिली. त्या शहरांतून गेलेला एकेक वैमानिक नियमाने, नोटीस देऊन, चांगले काम करून गेला असेल. तरी सगळे मिळून शहरे मागे पडली. भारतात २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. एवढ्या विमानांना लागणारे वैमानिक कुठून तरी येणार, आणि त्यांतले काही लहान मार्गांवरूनच उचलले जाणार. प्रत्येकाचे वागणे निर्दोष असूनही परिणाम अन्यायाचा होत असेल, तर त्याची जबाबदारी त्या व्यवस्थेने उचलावी लागते, वैमानिकाच्या विवेकावर टाकून चालत नाही.

यावर व्यवहारात काही वाटा आहेत. मोठ्या कंपनीने स्वतः टर्बोप्रॉप चालवणे ही एक; इंडिगोकडे एटीआर विमानेही आहेत, त्यामुळे पुढे जाण्यासाठी कंपनी सोडावीच लागते असे नाही. प्रादेशिक आणि मोठ्या कंपनीत ठरावीक सेवेनंतर बदलीचा करार ही दुसरी. अमेरिकेत ती रुळली आहे. बेलोऱ्यासारख्या शाळेतून थेट जेटवर जाणारे वैमानिक तयार झाले तर एटीआरवरून माणसे ओढण्याची गरज काहीशी कमी होईल, पण त्याच वेळी एटीआरकडे वळणारे नवे वैमानिकही कमी होऊ शकतील. आणि कुठलीही वाट घेतली तरी एक गोष्ट टाळता येत नाही: ज्येष्ठतेच्या यादीत जो तळाशी, तो बहुधा लहान गावांच्या वाट्याला येतो. म्हणून परवान्याची पातळी आणि सिम्युलेटरवरची तपासणी गावाच्या आकाराप्रमाणे सैल होऊ न देणे ही डीजीसीएची जबाबदारी ठरते. एटीआरच्या कॅप्टनलाही एटीपीएल लागतो, एअरबसच्या कॅप्टनलाही. अमरावतीच्या ७० प्रवाशांना आणि मुंबई-दिल्लीच्या १८० प्रवाशांना कायद्याने सारखेच मानले आहे. त्या समानतेला रोजच्या उड्डाणात खरे करण्याचे काम कंपनीकडे, नियामकाकडे आणि त्या दिवशी उजव्या वा डाव्या आसनावर बसलेल्या वैमानिकाकडे येते, मग त्याने राजीनामा दिलेला असो वा नसो.